टाकी न लागलेले देव

पाचाडला राहणाऱ्याला दगडाचं कौतुक असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. आम्हाला तसलं काही नसतं. डोक्यावर रायगड, पायाखाली कातळ, बांधाला दगड, जोत्याला दगड. कौतुक कशाकशाचं करणार? मी शाळेत चित्रकला शिकवायचो. दगडाशी माझा संबंध पोरांना छायाप्रकाश समजावण्यापुरता. नोकरी संपली आणि त्याच सुमारास माझ्या भाच्याने झिंबाब्वेतल्या हरारेहून मुठीएवढं एक दगडी डोकं आणून दिलं. काळं, गुळगुळीत, डोळे मिटलेत की उघडे ते शेवटपर्यंत न कळणारं. 'मामा, हे शोना शिल्प. जगात नाव आहे याचं,' एवढं सांगून तो मोकळा झाला. माझी निवृत्ती मात्र त्या डोक्याने पार नासवली. आधी पुस्तकं आली, मग छिन्नी-हातोडा आला, मग पाठदुखी. या उद्योगात जे उमगत गेलं ते लिहून ठेवतो आहे. क्रमाला काही अर्थ नाही, कुठूनही वाचा.

१. दगडाची जात डोळ्याआधी मनगटाला कळते. भाच्याने आणलं तसं एखादं डोकं आपणही करू, एवढीच माझी माफक महत्त्वाकांक्षा होती. परड्यात पडलेला काळ्या दगडाचा तुकडा घेतला आणि बसलो. घाव घातला की छिन्नी नाचायची, दगडावर पांढरा ठिपका उमटायचा आणि मनगटातून खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या. आमच्याकडे जोत्याच्या कामाला येणारे एक म्हातारे पाथरवट आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते कुंपणापाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, 'मास्तर, हळद लावताय का दगडाला?'

नंतर वाचलं तेव्हा अब्रू थोडी वाचली. सह्याद्रीचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या पट्टीवर तो सहाच्या आसपास बसतो, म्हणजे साध्या पोलादाला सहज दाद देत नाही. झिंबाब्वेतले शिल्पकार वापरतात तो बहुतेक सर्पेंटाइन. त्या देशाच्या मधून उत्तर-दक्षिण अशी पाचशे किलोमीटरहून लांब एक दगडी धार गेली आहे, तिला 'ग्रेट डाइक' म्हणतात. वय अडीचशे कोटी वर्षं. तिच्या आजूबाजूला हा दगड सापडतो: हिरवा, करडा, तांबूस, आणि सगळ्यांत कठीण व काळा तो स्प्रिंगस्टोन. पण त्यांचा कठीणसुद्धा आपल्या काळ्या दगडाहून मऊच. कानशीने घासला जातो, घासकागदाला वश होतो. शेवटी ते लोक शिल्प जाळावर तापवतात आणि गरम असतानाच त्यावर मेण चोळतात. तोवर राखेसारखा दिसणारा दगड त्या क्षणी काळाभोर होतो. आपल्या दगडाला हा शॉर्टकट नाही. त्याला चकाकी येते ती माणसांच्या स्पर्शाने. नंदीची पाठ बघा, नाहीतर पाट्याचा मधला खोलगट भाग.

२. दगड बोलतो हे खरं, पण तो जे बोलतो ते फार व्यवहारी असतं. भाच्याने डोक्यासोबत एक रंगीत पत्रकही आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की शोना शिल्पकार दगडातल्या आत्म्याचं ऐकतो, आकृती आधीपासून आत असतेच, तो फक्त तिला मोकळी करतो. मला हे वाचून भरून आलं होतं. मी ते अण्णांना जमेल तितक्या सोप्या मराठीत सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला असं वाटतं का हो, की मूर्ती दगडात आधीच असते? अण्णा म्हणाले, 'आदीच आसंल, तर आमी मजुरी कशाची घेतो?'

पण त्याच अण्णांना दगड फोडताना बघावं. आधी ते दगडाभोवती हिंडतात, हातोडीने इथे तिथे टकटक करतात. खणखणीत वाजला तर अंगाने धड, बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा. मग शीर शोधतात. मला वर्षानुवर्षं आकार बघायची सवय, तरी ती शीर दिसत नाही. त्यांना दिसते, किंवा दिसत नसली तरी बोटांना लागते. त्या रेषेवर टाकीने ओळीने भोकं पाडतात, प्रत्येकात लोखंडी पाचर बसवतात आणि घण घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या पाचरींना सारखा मान देत जातात. जोर नाही, घाई नाही. दर फेरीला आवाज चढत जातो. मी संगीतातला नव्हे, पण आवाज चढतो हे मलाही कळतं. एका ठरावीक सुराला अण्णा घण खाली ठेवतात आणि चंची काढून पान लावायला बसतात. दगड तसाच असतो, काही झालेलं नसतं. चुना लावून होतो, सुपारी तोंडात जाते आणि मग कापड फाटल्यासारखा आवाज होऊन दगड सरळ रेषेत दुभंगतो. 'त्याला टाइम द्यावा लागतो,' एवढंच त्यांचं यावरचं भाष्य. पत्रकातल्या आत्म्याच्या गोष्टीत आणि या चुना लावण्यात फार अंतर आहे, असं मला आता वाटत नाही. फक्त अण्णांना त्याचं पत्रक काढायचं नाही.

३. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मी आयुष्यभर फळ्यावर लिहिली. सुविचार म्हणून अक्षरही त्यात चांगलं बसतं. मात्र ज्या देवांना मी लहानपणापासून हात जोडले, त्यांच्यातल्या निम्म्यांना टाकी लागलेलीच नाही, हे माझ्या ध्यानात यायला त्या परक्या डोक्याची गरज पडली. आमची वाघजाई बघा, सोमजाई बघा. महाड-पोलादपूरच्या कुठल्याही देवराईत शिरा. झाडीच्या पोटात एक चौथरा, त्यावर ओळीने तांदळे, म्हणजे न घडवलेले दगड. ना नाक, ना डोळे. शेंदूर, फार तर चांदीचे डोळे चिकटवलेले, कोणा नवस फिटलेल्याने दिलेले.

त्यांच्या उगमाची गोष्ट गावोगाव जवळजवळ सारखी असते. कुणीतरी नांगरत होता, फाळ दगडाला लागला आणि दगडातून रक्त आलं. किंवा कुणी कोयत्याला धार लावत होता. रात्री देवी स्वप्नात आली. म्हणजे घाव आहेच, पण एकच, तोही चुकून, आणि तो घालणारा कारागीर नव्हे, शेतकरी. त्या घावाने आकार येत नाही, फक्त ओळख पटते. मला ही कल्पना म्हणीपेक्षा जास्त धाडसी वाटते. शेंदराचे थर चढत चढत मग तो दगड पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतो. कोरीव शिल्पात दगड कमी होत जातो, इथे देव भरत जातो. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीवरचं शेंदराचं जाड कवच उतरवलं तेव्हा खालचं मूळ रूप बघून कितीतरी भाविक गोंधळले होते, कारण त्यांनी आणि त्यांच्या आजी-पणजीने जी देवी पाहिली होती ती वेगळीच होती.

झिंबाब्वेतल्या बऱ्याच शिल्पांतही दगडाची मूळची खरबरीत साल एखाद्या बाजूला तशीच ठेवलेली असते. चेहरा घोटलेला, केसांच्या जागी मात्र कच्चा दगड. पुस्तकात ते चित्र पाहिलं की मला देवराईच आठवते. पण इथे सांभाळून बोललं पाहिजे, कारण तिथले शोना लोक या शिल्पांची पूजा करत नाहीत. त्यांच्या जुन्या धर्मात पूर्वजांना मान आहे, त्यांच्याशी बोलणारी माणसं आहेत, पण पूजेला मूर्ती नाही. आपल्याकडे देवाला आकाराची गरज नाही म्हणून तांदळा चालतो. त्यांना दगडही लागत नाही.

४. 'सांस्कृतिक मुळं' शोधायला गेलात तर वाटेत एखादा साहेब भेटतोच. मला वाटलं होतं, शोना शिल्प म्हणजे हजार वर्षांची परंपरा, बापाने मुलाला दिलेली. ग्रेट झिंबाब्वेच्या भग्न नगरीत सोपस्टोनचे पक्षी सापडले आहेत, शतकांपूर्वीचे, आणि त्यांतलाच एक आज त्या देशाच्या झेंड्यावर आहे. तेव्हा समज चुकीचा नसावा. प्रत्यक्षात त्या पक्ष्यांनंतर दगडी शिल्पाचा धागा जो तुटतो तो थेट विसाव्या शतकात सापडतो. १९५७ साली सॅलिसबरीत, म्हणजे आजच्या हरारेत, ऱ्होड्स नॅशनल गॅलरी उघडली. पॅरिसच्या कलावर्तुळात वावरलेले फ्रँक मॅकईवन तिचे पहिले संचालक. गोऱ्यांच्या त्या गॅलरीत त्यांनी काळ्या मुलांसाठी कार्यशाळा सुरू केली. पूर्वेकडच्या न्यांगा डोंगरात जोराम मारिगा नावाचे शेतीखात्यातले एक कर्मचारी मऊ दगडातून भांडी-बाहुल्या कोरत होते, त्यांची गाठ मॅकईवनशी पडली आणि पुढचा इतिहास घडला. १९७१ साली पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात या मंडळींचं प्रदर्शन भरलं.

दुसरा साहेब त्याहून मजेशीर. टॉम ब्लोमफील्ड तंबाखूचा शेतकरी. १९६५ साली तिथल्या गोऱ्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, जगाने निर्बंध घातले आणि तंबाखूचा धंदा बसला. शेतावर दगड होता आणि रिकामे हात होते. क्रिस्पेन चाकान्यूका या शिल्पकाराने त्याला दगडाची वाट दाखवली आणि १९६६ पासून तेंगेनेंगे हे शिल्पकारांचं गावच वसलं. तिथे कोरणारे कितीतरी जण मलावी, अंगोला, मोझांबिककडून मजुरीला आलेले. शोना नव्हेतच! तरी दुकानात पाटी एकच.

मी थोडा हिरमुसलो होतो. मग आठवले आमचे सासवण्याचे शिल्पकार नानासाहेब करमरकर. पोरवयात त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला ते पडलं आणि त्यांच्या मदतीने पोरगा मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये पोचला. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला महाराजांचा तो भव्य अश्वारूढ ब्राँझ पुतळा याच करमरकरांचा. रॉथफील्ड आला नसता तर? म्हणून करमरकरांची म्हैस किंवा कोळीण कमी अस्सल होते का? सासवण्याच्या त्यांच्या घरी जाऊन ती म्हैस बघा, म्हणजे साहेबाचा प्रश्न मनात उरत नाही. साहेबाने दार उघडलं एवढंच. आत काय होतं ते त्याने आणलेलं नव्हतं.

मला डाचतं ते दुसरंच. तिकडे तुटलेल्या धाग्यावर नवी कला उभी राहिली आणि जगाने तिला परंपरा म्हटलं. इकडे पाले लेण्यांपासून, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षं, महाडच्या डोंगरात टाकी चालू आहे आणि आम्ही तिला मजुरी म्हणतो.

५. परकी गोष्ट कळते ती बहुधा घरातल्या गोष्टीतून. मातेमेराची शिल्पं मला आधी भयंकर वाटली. बर्नार्ड मातेमेरा, तेंगेनेंगेतला मोठा शिल्पकार. अवाढव्य देह, हातापायांना दोन-तीनच बोटं, अर्धा माणूस अर्धा गेंडा. काय हे, असं वाटायचं. मग वाचलं की शोना माणसाला एक मुटुपो असतो, कुळाचं चिन्ह. कुणाचं माकड, कुणाचा सिंह, कुणाचा मत्स्यगरुड. आपल्या चिन्हाचा प्राणी खायचा नाही आणि एकच चिन्ह असलेल्यांनी लग्न करायचं नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बायकोला हाक मारली. 'अगं, यांच्याकडे देवक आहे!' आमच्या लग्नात देवक ठेवताना भटजींनी काय ठेवलं ते मला तेव्हा बघायचं सुचलंही नव्हतं. तिला सगळं पाठ. आमच्याकडे कुणाचं देवक पंचपल्लव, कुणाचा कळंब. मोऱ्यांचं मोराचं पीस. हेच ते जावळीचे मोरे, ज्यांच्याकडून १६५६ साली महाराजांनी रायरी घेतली आणि तिचा रायगड केला. देवक सारखं निघालं म्हणून मोडलेली सोयरीक आमच्या पंचक्रोशीत अजून सांगतात. एवढं कळल्यावर माणसाला शिंग फुटताना दाखवणारा मातेमेरा मला विचित्र वाटेना. मोराच्या पिसापुढे अक्षता टाकणाऱ्याने गेंड्याला नावं ठेवू नयेत.

६. वीरगळ वाचता येतो, आणि तो खालून वर वाचायचा असतो. आमच्या लहानपणी तो बसायचा दगड होता. देवळामागे अर्धा जमिनीत गाडलेला. त्यावर बसून आम्ही करवंदं खायचो. चित्रकलेचा शिक्षक झालो तरी त्यावर काय कोरलंय हे मी नीट पाहिलं नव्हतं. महाड-पोलादपूरकडच्या गावांत देवळाच्या आवारात, पाणवठ्याला, पायवाटेच्या कडेला असे वीरगळ भेटतात. तळच्या चौकटीत लढाई: ढाल, तलवार, आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. शेजारी सतीशिळा असेल तर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात. त्या हाताकडे बघताना मला अजूनही बरं वाटत नाही. कारागिरी उत्तम असली तरी नाही.

बोरिवलीजवळ एकसरला तर जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट. आमच्याकडचे साधे, शिल्पकार गावचाच असणार, घोडा कधी कुत्र्यासारखा दिसतो. मी आधी अशा घोड्याला हसायचो. आता वाटतं, घोडा चांगला काढणं हे त्या माणसाचं कामच नव्हतं. अमुक एक माणूस गाई सोडवताना किंवा गाव राखताना मेला आणि त्याचं पुढे बरं झालं, हे त्याच्या घरच्यांना दाखवणं एवढं काम होतं. नाव बहुधा कोरलेलंच नसतं. गावाला माहीत होतं, त्याची गरज काय? शोना शिल्पांतही पूर्वज पुन्हा पुन्हा येतात, वाद्झिमू म्हणतात त्यांना. घरावर लक्ष ठेवणारे, रागावणारे, समजूत घालावी लागणारे. आमच्या पितरांना हे सगळे गुण लागू आहेत.

७. सगळ्यांत चांगलं शिल्प कधीकधी पाठ टेकायला असतं. पाचाडला जिजाऊसाहेबांच्या वाड्याचे अवशेष आहेत. गडावरचा वारा त्यांना मानवेना म्हणून महाराजांनी खाली हा वाडा बांधला, आणि राज्याभिषेकानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ जून १६७४ ला, त्या इथेच गेल्या. वाड्यातल्या विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात, कारण काठावर दगडातच टेकायला तक्क्या घडवला आहे. महाराज तिथे बसून लोकांशी बोलायचे असं इथे सांगतात. त्यावर ना नक्षी, ना देव. मारिगांनी सुरुवात भांड्यांपासून, म्हणजे वापरायच्या वस्तूंपासून केली हे वाचल्यावर मला हा तक्क्या नव्याने दिसला.

८. नाव कुठे कोरायचं हा कारागिराच्या स्वभावाचा प्रश्न आहे, पण ते कोरलंच नाही तर पुढे भलतीच माणसं मालक होतात. गडावर जगदीश्वराच्या देवळाच्या भिंतीत शके १५९६ चा संस्कृत शिलालेख आहे. इमारतींचा प्रमुख असलेल्या हिरोजीने गडावर काय काय बांधलं, विहिरी, तळी, वाडे, त्याची यादी त्यात आहे. तो सगळे वाचतात. खरा हिरोजी मात्र पायरीवर आहे. या माणसाने स्वतःचं नाव, सेवेला तत्पर म्हणून, पायरीच्या दगडावर घातलं. दर्शनाला येणाऱ्याचा पाय त्यावर पडावा असं. मी मुलांना सहलीला नेऊन ती पायरी दाखवायचो आणि नम्रतेवर भाषण ठोकायचो.

आता त्या भाषणातला माझा सूर बदललाय. हिरोजी नम्र होता, पण नाव त्याने घातलंच! देवळाच्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या दगडावर. ज्यांनी तो चिरा खाणीतून काढला, टाकीने ताशीव केला, गाढव-बैलांवरून किंवा खांद्यावरून वर नेला, त्यांची नावं पायरीवरही नाहीत. नाव नसल्याने काय होतं ते ग्रेट झिंबाब्वेत बघा. चुन्याचा कणही न वापरता रचलेल्या ग्रॅनाइटच्या भिंती, कुठे कुठे अकरा मीटर उंच, अकराव्या ते पंधराव्या शतकातल्या. गोऱ्या वसाहतवाल्यांना पटेना की काळ्या लोकांनी हे बांधलं. फिनिशियन आले असतील म्हणाले, शेबाची राणी आली असेल म्हणाले. १९०५ साली रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून हे काम आफ्रिकेतल्याच माणसांचं असल्याचं सांगितलं, तरी राज्यकर्त्यांना पुढे कित्येक वर्षं ते गिळवलं नाही. पक्षीही देशाबाहेर गेले होते. १९८० साली स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांतले काही परत आले. म्हणून तिकडचे आजचे शिल्पकार शिल्पाच्या तळाशी सही करतात तेव्हा मला तो निव्वळ बाजाराचा भाग वाटत नाही. भाच्याने आणलेल्या डोक्याखालीही सही आहे. खरवडलेली, मला लागत नाही, पण आहे.

अण्णांना म्हटलं, तुम्हीही एखाद्या पाट्यामागे नाव घाला. म्हणाले, 'पाटा फुटला तर शिव्या कुनाला मग?'

९. गडाखाली सगळं विकलं जातं, दगड सोडून. पाचाडपासून रोपवेपर्यंत दुकानं बघा. महाराजांचे पुतळे फायबरचे, प्लास्टरचे, किल्ल्यांच्या प्रतिकृती राळेच्या, किचेन, फेटे. पिठलं-भाकरी तेवढी खरी. मॅकईवन विमानतळावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त कोरीव वस्तूंवर भयंकर चिडायचे म्हणे. मला तेवढं चिडायला जमत नाही, कारण त्या दुकानांत माझे विद्यार्थी बसलेले असतात आणि 'सर, चहा घ्या' म्हणतात. काळ्या दगडाची वीतभर मूर्ती करायला अण्णांना जितका वेळ लागेल त्याची किंमत सहलीची मुलं देऊ शकत नाहीत, हे सरळ गणित आहे. २०२५ च्या जुलैत रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. ग्रेट झिंबाब्वे त्या यादीत १९८६ पासून आहे. आमच्याकडे फटाके वाजले, गर्दी वाढली, आणखी फायबर आलं.

अण्णांचं काम मात्र बंद पडलेलं नाही, ते फक्त चमत्कारिक झालंय. मिक्सर आल्यावर मेलेला पाटा आता पुण्या-मुंबईची मंडळी दिवाणखान्यात ठेवायला मागतात. टाकी लावू नका, नुसता छान दिसू द्या, म्हणतात. जात्यात झाडं लावतात. मध्यंतरी पोलादपूरकडे फार्महाउस बांधणारे एक गृहस्थ अण्णांकडे आले. त्यांना हिरवळीवर ठेवायला वीरगळ हवा होता, नवा करून, पण जुना दिसणारा. मोबाइलवर फोटो होता, माप होतं, पैशाला ना नव्हती. दुभाष्या म्हणून मी हजर होतो, कारण अण्णांचं मराठी त्यांना आणि त्यांचं इंग्रजी अण्णांना झेपत नव्हतं. अण्णांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. सगळं करता येईल म्हणाले, अप्सरा थोड्या ढोबळ येतील. मग विचारलं, 'मेलं कोन?'

गृहस्थ म्हणाले, कोणीच नाही, शोभेसाठी हवाय. अण्णा मान हलवत राहिले. मी मध्ये पडलो, चांगले पैसे आहेत, करा की, असंही सुचवून पाहिलं. मला तर आतून वाटत होतं, एकदा यांच्या हातून वीरगळ होताना बघायला मिळेल. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, 'मास्तर, वर कुनाला न्यायचं ते नको का ठाऊक? अप्सरा रिकाम्या हातानं जातील व्हय?' शेवटी सौदा ठरला तो पक्ष्यांना पाणी प्यायला दगडी डोणीचा. दोन फूट लांब, कडेला साधी पट्टी. कोपरे मी काढून दिले होते त्याहून त्यांनी गोल ठेवले, आणि त्यांचेच बरोबर होते.